चिंचेने घासलेली पदकं

शैलेंद्र निगडे दुबईत मालवाहतुकीच्या एका कंपनीत कागदपत्रं बघायचा. खोकं कोणाचं, कुठून आलं, कुठे चाललंय, आत काय आहे आणि त्या वस्तूचा कोड नंबर काय, एवढं कळलं की त्याला जगात काही अडचण वाटत नसे. मृणालिनीला बघायला आला तेव्हाही त्याने मोजकेच प्रश्न विचारले होते. मग तिने विचारलं, तुम्ही कधी हसता का? त्यावर त्याने थोडा विचार केला आणि "हसतो" असं उत्तर दिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मृणालिनी हा किस्सा सांगायची आणि तोही शेजारी बसून, आपल्याबद्दल नाहीच असं ऐकायचा.

अठ्ठ्याऐंशी साली तो मुंबई बंदरातली नोकरी सोडून इकडे आला. घर शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत. ऑफिस दुबईत, देऱ्यात. पुढे रशिया फुटला आणि देऱ्यात रशियन व्यापाऱ्यांच्या झुंडी उतरायला लागल्या. येताना दुर्बिणी, घड्याळं, चहाचे समोवार, पदकं असलं काय काय विकायला आणायचे आणि जाताना फ्रिज, गालिचे, लेदरची जाकिटं खोकी भरभरून न्यायचे. ती खोकी शैलेंद्रच्या टेबलावरून जात. खोक्यांवरची नावं वाचता वाचता तो रशियन अक्षरं शिकला. इंग्रजी पी दिसला की र म्हणायचं, एच दिसला की न म्हणायचं. शुभ्रा तेव्हा केजीत होती आणि तिला एबीसी शिकवताना तो मधूनच अडखळायचा, म्हणून मृणालिनीने ते काम त्याच्याकडून काढून घेतलं.

एकदा एका व्यापाऱ्याचं अडलेलं खोकं त्याने सोडवून दिलं. त्या माणसाने कृतज्ञतेने खिशातून मूठभर पदकं काढून टेबलावर ठेवली. त्यातली बाकीची रशियन निघाली. एकावरची अक्षरं मात्र त्याला वाचता येत होती, पण तो शब्द ऑफिसात आलेल्या एकाही रशियनाला कळेना. वाचता येतं आणि कळत नाही, हे शैलेंद्रला सहन झालं नाही. ते पदक मंगोलियाचं होतं. कोड न सापडलेलं खोकं गोदामात पडून राहावं तसं ते त्याच्या डोक्यात पडून राहिलं, आणि तिथून त्याला हा नाद लागला.

रशियन पदकं गोळा करणारे दुबईत पैशाला पासरी होते. मंगोलियन पदकं त्या व्यापाऱ्यांच्या चादरीवर एका कडेला पडलेली असत, कोणी विचारत नसे. शैलेंद्र विचारायचा. सात-आठ वर्षांत त्याच्याकडे दोनशेच्या आसपास पदकं आणि बिल्ले जमले. बेडरूममधल्या कपाटात उथळ खण करून घेतले, त्यांत काळं मखमल. वरचे दोन खण लष्करी, खालचे तीन मुलकी. त्यातही आधी उभ्या जुन्या लिपीतली, मग रशियन अक्षरातली. मग मागे स्क्रू असलेली वेगळी, पिन असलेली वेगळी. सोनाराकडच्या अंगठीला असते तशी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी प्रत्येकाला. घरी आलेल्या माणसाला तो पदक हातात द्यायचा ते पालथं करून. पुढून सगळीच छान दिसतात, म्हणायचा, खरं काय ते मागे असतं. पाहुणे मागची बाजू बघत आणि मग हळूच घड्याळ बघत.

आणि साफ तो काहीही करत नसे. काळं तर काळं, हिरवट तर हिरवट. तो डाग म्हणजे त्या पदकाचं वय, असं त्याचं म्हणणं. मृणालिनीच्या घरातले नळसुद्धा चमकायचे. त्या कपाटाचा खण उघडला की तिच्या हाताला खाज सुटायची, पण ती गप्प राहायची. नवरा शुक्रवारी घरात असतो, दारूला पैसे घालवत नाही, गावाकडे जमिनी घ्यायचं खूळ डोक्यात नाही. मग चार काळी पदकं चालवून घ्यायला तिची हरकत नव्हती.

ओयुना आली पंचाण्णव साली. मंगोलियाची बाई, तिशीतली, रशियन उत्तम बोलणारी. देऱ्यात रशियन गिऱ्हाइकांसाठी फरच्या कोटांची दुकानं होती, त्यातल्या एकात ती कामाला होती. बाहेर पंचेचाळीस अंशाचं ऊन आणि आत एसीत ती दिवसभर कोट अंगावर घालून दाखवायची. तिच्या दुकानाची खोकी घेऊन ती ऑफिसात आली तेव्हा शैलेंद्रने संधी साधून घरून आणलेला एक बिल्ला तिच्यापुढे ठेवला. घोड्यावर बसलेला माणूस, हातात लांब भाला. लष्करी, घोडदळ, असं त्याने चिठ्ठीवर लिहून टाकलं होतं. साताऱ्याकडच्या माणसाला घोडा आणि वर लांब काठी दिसली की दुसरं काय सुचणार? ओयुना इतकी हसली की तिने खुर्चीची पाठ धरली. तो भाला नव्हता. घोडे पकडायची काठी होती ती, टोकाला दोरीचा फास असलेली. बिल्ला मिळाला होता उत्तम गुराख्याला. त्या दिवशी घरी येऊन शैलेंद्रने घोडदळ वरच्या खणात परत न ठेवता मुकाट्याने खालच्या खणात, मुलकीत ठेवलं.

तेव्हापासून ओयुना महिन्या-दोन महिन्यांनी शुक्रवारी घरी यायची आणि त्याला शब्द लावून द्यायची. ऑफिसात आणि दुकानात शिकलेल्या हिंदीत बोलायची. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी तिला एकदा लिफ्टमध्ये पाहिलं. सोनम कर्णिक म्हणाली, "काय गं मृणालिनी, भावजींची चिनी मैत्रीण तुझ्या हातचं जेवते म्हणे." मृणालिनी म्हणाली, "जेवते की. तुझ्यासारखं मीठ कमी आहे म्हणत नाही." पण ते वाक्य तिच्या मनात काही दिवस टोचत राहिलं. मग एका गणपतीत मृणालिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरातली अंगारकी मोठ्याने वाचली आणि ओयुनाने तो शब्द पकडला. तिच्या काकाचं नाव अंगारक, मंगळवारचा जन्म म्हणून ठेवलेलं. वारांची त्यांची जुनी नावं आपल्याच ग्रहांवरून निघाली. सोमवार सुम्या, शनिवार सांचिर. सगळे वार पाठ म्हणून दाखवणाऱ्या बाईबद्दल संशय धरून ठेवणं मृणालिनीला जमेना. तिने तो सोडून दिला.

अठ्ठ्याण्णव साली ओयुनाने एक पुडकं शैलेंद्रच्या हातात दिलं. निळ्या रेशमी चिंधीत गुंडाळलेलं पदक. तिच्या आईचं. ती तेव्हा देऱ्यात एका खोलीत सात बायकांबरोबर राहत होती, व्हिसा बदलायला इराणच्या किश बेटावर जाऊन येत होती, आणि सामान कधी कुठे राहील याचा भरवसा नव्हता. आईने निघताना ते तिच्या कोटाच्या आत टाचलं होतं आणि बजावलं होतं की हे परत आणायचं, म्हणजे तुला परत यावंच लागेल. ओयुना म्हणाली, "आपके पास इतना सारा है, उसमें मेरा एक। कोई नहीं चुराएगा।"

तिने सांगितलं ते एकाहत्तर सालचं पदक, क्रांतीला पन्नास वर्षं झाली म्हणून देशभर वाटलेलं. त्यांच्यात याहून स्वस्त काही नाही. शैलेंद्रकडे तीच आठ होती, नंबर कोणावरच नाही. त्याने ओयुनाचं पुडकं उघडलंसुद्धा नाही. जो माल आपला नाही, नुसता आपल्याकडून पुढे जाणार आहे, त्याचं खोकं उघडत नाहीत आणि आपल्या साठ्यात त्याची नोंद करत नाहीत. ऑफिसात दहा वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याने चिंधीवरच चिठ्ठी बांधली, 'ओयुना, ट्रान्झिट', आणि ते त्या आठांच्या शेजारी ठेवून दिलं.

दोन हजार साली सप्टेंबरात शैलेंद्रची आई व्हिजिटवर आली. पहिल्यांदाच. विमानात चप्पल काढून बसल्या होत्या म्हणे. इथे आल्यावर आठवडाभरात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं नाही, हे मृणालिनीला बरं वाटलं. पण रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करायला होतं काय? वॉशिंग मशीनच्या काचेतून कपडे फिरताना बघत बसायच्या.

त्याच सुमाराला ओयुनाचा फोन आला. ती कायमची परत चालली होती. आई थकली होती. रविवारचं विमान, शनिवारी संध्याकाळी येऊन सगळ्यांना भेटते आणि आईचं पदक घेऊन जाते. शनिवारी दसरा होता. मृणालिनी म्हणाली, जेवायलाच ये.

शुक्रवारी खंडेनवमी. शैलेंद्र सकाळीच झेंडूच्या माळा आणायला बर दुबईला मंदिराच्या गल्लीत गेला. मृणालिनीने पुरण शिजत घातलं. सासूबाईंनी विचारलं, इथे नवमीला पूजेत काय मांडता? मृणालिनीने सांगितलं, सुरी, पक्कड, गाडीची किल्ली. सासूबाईंना ते फारच केविलवाणं वाटलं. त्यांचे स्वतःचे सासरे लष्करात हवालदार होते. नवमीला कोयता, कुऱ्हाड आणि त्यांच्यापुढे सासऱ्यांची पदकं, चिंचेने घासून लखलखीत केलेली, असा पाट मांडला जायचा. ते गेल्यावरही थोरल्याकडे तसाच मांडतात. मग इथे एवढं कपाटभर असताना पक्कड कशाला?

"लढाईचीच आहेत ना ती?" त्यांनी विचारलं.

अर्धी आहेत, मृणालिनी म्हणाली. पुरण खाली लागत होतं. तिला सासूबाईंना कुठेतरी बसवायचं होतं आणि हात रिकामे करायचे होते. तिने कपाटाची किल्ली काढून दिली आणि एवढंच सांगितलं, "जपून हं, आई."

सासूबाईंनी जपूनच केलं. पुरण वाटून मृणालिनी बाल्कनीत गेली तेव्हा परातीत चिंचेचं पाणी होतं, मीठ होतं, आणि एकूण एक पदक, लष्करी आणि मुलकी, अंघोळ करून टॉवेलवर पडलं होतं. रिबिनी काढून साबणाच्या पाण्यातून पिळून कपड्यांच्या स्टँडवर वाळत घातल्या होत्या. त्यांच्यातच एक निळी चिंधी होती. चिठ्ठ्या भिजून लगदा झाल्या, म्हणून केरात. मृणालिनीने केरातला लगदा बोटाने उलटून पाहिला, काही वाचता येईना. पण खरं सांगायचं तर ती पदकं बघून तिला आनंदही झाला. इतकी वर्षं जे काळं मेलं घरात ठेवलं होतं ते असं दिसतं, हे तिला माहीतच नव्हतं.

हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर लाल कापड, त्यावर रांगा. हळदकुंकू वाहायची वेळ आली तेव्हा सासूबाई मागे सरल्या आणि म्हणाल्या, तू लाव. मृणालिनीने लावलं. गुळगुळीत धातूवर कोरडं कुंकू काही टिकेना, घसरून कापडावर पडायचं. तरी तिने प्रत्येकाला बोट टेकवलं.

शैलेंद्र माळा घेऊन आला. दोन माळांचे पंधरा दिरहॅम घेतले मेल्याने, म्हणजे झाले जवळजवळ एकशे नव्वद रुपये, असं बोलतच तो आत आला आणि पाटाकडे बघून थांबला. मृणालिनी ओरडण्याची वाट बघत होती. तो ओरडला नाही. माळांची पिशवी सोफ्यावर ठेवली, पाटासमोर मांडी घातली आणि रांगेरांगेने बघायला लागला.

मग म्हणाला, "ओयुनाचं कुठलं?"

तेव्हा मृणालिनीला स्टँडवरची ती निळी चिंधी आठवली.

त्याने पदक उचलायला हात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, "मांडलेली पूजा हलवायची नाही. उद्या सकाळी अक्षता पडू देत, मग उचल." त्रेचाळीस वर्षांच्या शैलेंद्रने हात मागे घेतला. मग भिंग आणलं आणि कोपरं जमिनीला टेकून, एकाही पदकाला बोट न लावता, तो दुपारभर पाटाभोवती सरकत राहिला. एकाहत्तरची नऊच्या नऊ रांगेत चमकत होती. त्याच्या रजिस्टरमध्ये आठांचं वर्णन होतं: एकाच्या उजव्या कडेला काळा डाग, एक मागून हिरवट, एकाची रिबीन विटकी. डाग चिंचेने गेले होते आणि रिबिनी स्टँडवर एकमेकींचा रंग लावून घेत वाळत होत्या. आपलं काय ते त्याने डागांवरून ओळखलं होतं, आणि ओयुनाचं काय ते कधी उघडून बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी मृणालिनीने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या चहाचा कप हातात धरून ऐकत होत्या. मग कप तसाच खाली ठेवला.

"मला आधी सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी काही त्याच्या वस्तूंची वैरीण नाही."

मृणालिनीने कप उचलून आत नेला. चूक चिंचेची नव्हती, किल्लीची होती, आणि किल्ली तिने दिली होती.

जेवताना शुभ्राने आपला निकाल दिला. "जस्ट गिव्ह हर एनी वन, बाबा. दे आर ऑल द सेम. शी वोंट नो."

मृणालिनीच्याही मनात दुपारपासून तेच होतं. ती म्हणाली, "अहो, पोरगी काही चुकीचं बोलत नाही. तिला कळणार नाही."

शैलेंद्र म्हणाला, "कळणार नाही म्हणूनच देता येत नाही." आणि पहिली पोळी अर्धी टाकून उठला. पुरणपोळीची. मृणालिनीला ते त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी तो ऑफिसला गेला. मृणालिनीने अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि मऊ फडक्याने एकेक पदक पुसून ठेवलं. कुंकू फुंकरीनेही उडत होतं. एकाच्या कडीत मात्र असं बसलं होतं की निघता निघेना. तिने नखाने खरवडलं, मग वैतागून तसंच ठेवून दिलं. शैलेंद्रचा दोनदा फोन येऊन गेला. ओयुनाला काय सांगायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं. लवकर घरी येऊन त्याने ती नऊ टेबलावर मांडली आणि जुन्या ओरखड्यांवरून आपली तीन वेगळी काढली. उरली सहा. सहांतलं कुठलं, ते काही केल्या ठरेना. सासूबाई दिवसभर आतल्या खोलीत जप करत होत्या.

ओयुना आली ती सगळ्यांना काही ना काही घेऊन. सासूबाईंसाठी मऊ लोकरीची शाल होती. त्या बाहेर आल्या, शाल मांडीवर घेऊन बसल्या. शैलेंद्रने घसा साफ केला आणि विमान किती वाजताचं आहे ते विचारलं. मग सामान किती किलो झालं ते. मग बीजिंगवरून जाणार की मॉस्कोवरून. हा माणूस मुद्द्यावर येईपर्यंत दसरा संपेल, हे मृणालिनीला कळलं. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच सांगून टाकलं. हिंदीत, जसं घडलं तसं. किल्ली मी दिली, हेही.

ओयुना हसली नाही आणि रागावलीही नाही. टेबलावरच्या सहा पदकांकडे तिने पाहिलं आणि ती हळूहळू बोलायला लागली. तिची आई सरकारी गोठ्यात दूध काढायची. शेकडो गाई, कडाक्याची थंडी. त्या दुधाबद्दल तिला हे पदक मिळालं. त्यांच्यात नवीन काही मिळालं की त्याला दुधातुपाचं बोट लावायची रीत आहे. बाकीचे लोक एकदा लावतात. तिची आई दर नवीन वर्षाला लावायची, कडीपाशी, लोण्याचं बोट, आणि कोणाला पुसू द्यायची नाही.

"माँ बोलती थी, इसको भूखा नहीं रखना," ओयुना म्हणाली. "अभी उसको आँख से दिखता नहीं। अँगूठे से देखती है। दूसरा दूँगी तो उसको पता चलेगा, भाभी। और धो दिया तो..." तिने हात उलटा केला.

आता कुठलंही एक द्यायचा रस्ताही बंद झाला. शैलेंद्र टेबलाच्या कडेवर बोटं दाबून उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नात हार घालताना झाल्या होत्या तशा.

सासूबाईंना हिंदी फारसं कळत नसे. ही काय म्हणते, त्यांनी विचारलं. मृणालिनीने थोडक्यात सांगितलं: तिची आई पदकाला दर वर्षी लोणी लावायची, कडीपाशी, त्याच्यावरून ओळखते.

सासूबाईंनी शालीवरून हात फिरवायचा थांबवला.

"मग त्याला कुंकू धरलं असेल," त्या म्हणाल्या.

एवढंच. लग्न झाल्यापासून नवरा जाईपर्यंत त्यांनी रोज सकाळी कपाळाला आधी मेणाचं बोट लावलं होतं आणि मग त्यावर कुंकू टेकवलं होतं. खाली मेण नसलं की कुंकू गळतं, हे त्यांच्या बोटाला माहीत होतं.

मृणालिनी टेबलाकडे धावलीच. सकाळी जी नखाने खरवडली ती कडी! तिने पहिलं पालथं केलं, दुसरं केलं. चौथ्याच्या कडीच्या खोबणीत लाल रेघ बसली होती, घट्ट, ओली असावी तशी. पदकावरच्या अक्षरांच्या फटींतही थोडी होती. तिने ते उचलून ओयुनाच्या तळहातावर ठेवलं.

ओयुनाने कडीत नख घालून किंचित खरवडलं. नखाच्या टोकाला लालसर पिवळा कण आला, मेणासारखा. तिने तो नाकाजवळ नेला. चिंच, मीठ, हळदकुंकू सगळं सोसून त्याच्या आत गोठ्याचा जो काही वास उरला असेल तो तिला आला असावा, कारण तिचे डोळे मिटले आणि ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली जे शैलेंद्रलाही लावता आलं नाही. मग तिने अंगठा कडीवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मान हलवली.

"यही है," ती म्हणाली. "यही है, भाभी."

शैलेंद्र खुर्चीत बसला. बसला म्हणण्यापेक्षा खाली आला. मग त्याने दोन्ही तळहातांनी चेहरा चोळला आणि अडलेलं खोकं निघाल्यावर ऑफिसात म्हणतात तसं म्हणाला, "सुटला माल." आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शुभ्रा त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, आर यू ओके?" तिने विचारलं. मृणालिनीने तिला गप्प केलं, कारण तिचंही तेच व्हायला लागलं होतं.

ओयुनाला कुंकू काढून देऊ का असं विचारलं तर ती नको म्हणाली. आईला हाताला काहीतरी वेगळं लागेल, ती विचारेल, मग सगळं सांगता येईल. तेवढ्यात सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटीत बोट बुडवून बाहेर आल्या. साजूक तूप. चिंचेने बरंचसं काढून टाकलं असणार, त्या म्हणाल्या, लांबचा प्रवास आहे, उपाशी कशाला पाठवायचं? मृणालिनीने याचं हिंदी केलं नाही. ओयुनाने आधीच पदक पुढे धरलं होतं. सासूबाईंनी कडीला बोट पुसलं आणि उरलेलं सवयीने स्वतःच्या मनगटाला. निळी चिंधी इस्त्री करून ठेवलेली होती. ओयुनाने त्यात पदक गुंडाळलं आणि कोटाला नाही तर ब्लाउजच्या आत पिनेने टाचलं, मृणालिनी आणि सासूबाईंच्या मध्ये उभी राहून, शैलेंद्रला पाठ फिरवायला सांगून.

जेवणं झाली, आपट्याची पानं नव्हती म्हणून सासूबाईंनी गावाहून आणलेल्या चांदीच्या पानांतलं एक ओयुनाला दिलं, आणि खाली टॅक्सीपर्यंत सगळे सोडायला गेले. ऑक्टोबरात शारजाची हवा संध्याकाळी जरा माणसात येते. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाल्यावर सासूबाईंनी शाल खांद्यावर घेतली, उकडत असूनही.

वर आल्यावर मृणालिनीने बाल्कनीचं दार उघडलं. स्टँडवर रिबिनी ओळीने लोंबत होत्या, सगळ्या साधारण गुलाबी. टेबलावर पदकं पडली होती, चिठ्ठ्या नसलेली, लष्करी-मुलकी सगळी एकत्र, लखलखीत. हे सगळं पुन्हा लावायचं म्हणजे शैलेंद्रचे पुढचे किती शुक्रवार जाणार याचा तिने अंदाज करून पाहिला आणि मग सोडून दिला. दार लावून घेतलं.

शैलेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कालच्या पोळ्या उरल्यात का, विचारत होता. ओयुनासमोर तो जेवला होता, पण ते जेवण म्हणजे नुसतं ताटाला हात लावणं होतं. सासूबाईंनी तवा ठेवलासुद्धा होता. मृणालिनीने दुधाचं पातेलं काढलं. त्याने तिथेच ओट्याला टेकून उभ्याउभ्या दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं, आणि तिसरीसाठी ताट पुढे केलं.